ज्वारीच्या अक्षता आणि फुल एचडी

मी पडलो तो एचडीपायी. लोकांना मात्र न्हाणीत घसरलो असंच सांगितलं. एकसष्ट वर्षांचा माणूस न्हाणीत घसरला म्हटलं की लोक हळहळतात, केळी घेऊन भेटायला येतात. इंटरनेटचा डबा फिरवायला शिडीवर चढल्ता म्हटलं की तोंडाला रुमाल लावून हसतात. तर खरी गोष्ट अशी. आमच्या गच्चीवर लोखंडी पाइपाला इंटरनेटवाल्यानं एक पांढरा डबा बसवलाय. त्याचं तोंड टॉवरकडं पाहिजे, आणि ते जरासं चुकलंय असं माझं पक्कं मत होतं. फोन केला की इंटरनेटवाला म्हणायचा, काका, तुम्ही हात लावू नका, मी उद्या येतो. त्याचा उद्या काही उगवेना. मंग एका सकाळी मीच शिडी लावली. डबा बोटभर फिरला आणि मी पुरता फिरलो. मांडीचं हाड मोडलं, जालन्याला नेऊन आत सळई घातली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की दीड महिना पलंग सोडायचा नाही. माझ्या भाचीच्या लग्नाला तेव्हा अकरा दिवस राहिले होते.

ही भाची माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण घनसावंगीला दिलेली. मेहुणे अचानक गेले तेव्हा पोरगी तिसरीत होती. मी तिला इकडं अंकुशनगरला माझ्या घरी आणलं, शाळेत घातलं, आणि बारावीपर्यंत ती आमच्याकडंच राहिली. आम्हाला मूलबाळ नाही. हे एकदा सांगून टाकतो, परत त्यावर बोलणार नाही.

मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होतो. रसाचे नमुने तपासायचे आणि तासातासाला रजिस्टरात आकडे लिहायचे. शाळा सुटली की भाची माझ्या टेबलाशी येऊन बसायची आणि पाढे पाठ करायचे सोडून माझं रजिस्टर वाचायची. आकडा मागच्या तासाइतकाच आला तर आम्ही परत लिहीत नव्हतो, नुसतं ‘वरीलप्रमाणे’ लिहायचो. तिला हे लय आवडलं. जेवायला काय करू असं मामीनं विचारलं तरी म्हणायची, वरीलप्रमाणे. म्हणजे कालचीच भेंडी.

पुढं ती शिकली आणि पुण्यात एका कंपनीत लागली. काम काय, तर लोक फोनवर न् टीव्हीवर जे व्हिडिओ बघतात ते दाबून लहान करायचे. मी म्हटलं, एवढी इंजिनिअर झालीस आणि गाठोडी बांधायचं काम करतेस होय? तिनं न चिडता समजावून सांगितलं. चांगल्या कॅमेऱ्याचं चित्र एवढं मोठं असतं की तसंच्या तसं पाठवायचं म्हटलं तर ते वाटेत मावतच नाही. बँडविड्थ म्हणजे आपल्या पाइपाची जाडी. पाणी धरणभर आणि पाइप बोटाएवढा. म्हणून सगळं पाठवायचंच नाही. एक चित्र पुरं पाठवायचं, आणि त्याच्या पुढच्या चित्रात जे हललं, जे बदललं, तेवढंच सांगायचं. भिंत हलली नसेल तर भिंत परत कशाला पाठवायची? मी म्हटलं, मंग सरळ वरीलप्रमाणे म्हण ना. ती एवढी खूश झाली की म्हणाली, मामा, हे मी उद्या ऑफिसात सगळ्यांना सांगणार. शिवाय माणसाच्या डोळ्याला जे कळत नाही ते गाळून टाकायचं, असंही म्हणाली. मी विचारलं, कुणाच्या डोळ्याला? त्यावर म्हणाली, सगळा वाद तिथंच तर आहे.

लग्नाचं स्थळ मीच आणलं होतं. मुलगा परभणीचा, नोकरी पुण्यात, घर सालस. त्याआधी दोन स्थळांना तिनं तोंडावर नाही म्हटलेलं. ह्या मुलाला दोनदा भेटून आली आणि गप्पच. मंग मी एका रविवारी तिला व्हिडिओ कॉल लावला. बायको शेजारीच बसलेली. मी म्हटलं, “बाई, मोकळं सांग. तुला पसंत आहे ना?”

आणि नेमकं तेव्हाच चित्र थिजलं. डोळे अर्धे मिटलेले, ओठ एका बाजूला गेलेला, मागं खोलीतला पंखा अर्ध्या फेरीत अडकलेला. आवाज तेवढा आला. हो मामा, असं म्हणाली. चित्र परत चालू झालं तर ही इकडंतिकडं बघून राह्यली, आणि ऑफिसचा फोन येतोय म्हणून कॉल ठेवून दिला. बायकोनं तिथल्या तिथं गुळाचा खडा माझ्या तोंडात कोंबला. बहिणीला फोन गेला, परभणीला फोन गेला. सगळ्यांना होकार मिळाला, फक्त मला मिळाला नाही. कारण मी त्या पोरीचे हो पुष्कळ ऐकलेत. दूध पिलीस का, हो मामा. पाय बरा झाला का, हो मामा. त्यातले निम्मे मामाचं मन मोडू नये म्हणून असायचे, आणि खरा कोणता न् खोटा कोणता ते तोंड बघितल्याशिवाय मला कधीच कळलं नाही. परत विचारू म्हटलं तर घरात सगळे माझ्यावर धावून आले. आता काय विचारता, पत्रिका छापायला गेल्या. तेव्हापासून माझा गच्चीवरच्या त्या डब्यावर दात होता, आणि त्यानंही शेवटी डाव साधला.

आता पलंगावर पडल्या पडल्या मला एकच गोष्ट पाहिजे होती. अंतरपाट खाली येतो त्या घडीला तिचं तोंड बघायचं. आमच्यात नवरीला मामानं मांडवात आणायचं असतं आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं असतं. म्हणजे धडधाकट असतो तरी मला तिचा अंबाडाच दिसला असता. पण अंतरपाट पडल्यावर जरा वाकून बघितलं असतं. पोरगी नाराज आहे असं दिसलं असतं तर मी काय केलं असतं, हे मला विचारू नका. मला माहीत नाही. पण बघितल्याशिवाय मला झोप लागणार नव्हती, एवढं खरं.

तर लग्न लाईव्ह दाखवायचं ठरलं. गंमत बघा, घनसावंगी आमच्यापासून जीपनं तासाभराच्या आत. आणि ते लग्न मला दिसणार कसं, तर आधी कुठल्या तरी परमुलखातल्या यंत्रात जाऊन, तिथं दाबून, गाळून, परत माझ्या खोलीत येऊन. भाचीनं पुण्याहून लांबलचक मेसेज पाठवला. कॅमेरा एका जागी उभा करा, हातात धरून फिरवू नका. मागं साधा एकरंगी पडदा लावा, चमकीचा बिलकुल नको. चित्र एचडी ठेवू नका, चारशे ऐंशीवर ठेवा, कारण कार्यालयातलं नेट बारीक आहे. कॅमेऱ्याच्या बाजूनं अक्षता टाकू देऊ नका. आणि मामा, त्या वेळी घरच्या वायफायवर टीव्ही सोडून दुसरं काही चालू ठेवू नका. खाली लिहिलेलं, कमी मागितलं तर सगळं दिसंल, जास्त मागितलं तर काहीच दिसणार न्हाई.

मला हे पटलं नाही. आयुष्यात एकदा लग्न आणि ते चारशे ऐंशीत? मी घनसावंगीच्या शूटिंगवाल्याला फोन लावला आणि सांगितलं, पोरीचं काही ऐकू नका, मला फुल एचडी पाहिजे, खर्चा कितीही होऊ द्या. तो तर तयारच होता. म्हणाला, काका, तुम्हाला पापणीचा केस न् केस दाखवतो. गव्हाणीत एकदम जादा ऊस लोटला की मिल तुंबते, हे मी पस्तीस वर्षं ह्या डोळ्यांनी बघितलंय. पण घरच्या लग्नात माणसाची अक्कल पहिली पाहुणी म्हणून निघून जाते. वरून मी भिंतभर टीव्ही आणवला आणि पलंगासमोर टांगून घेतला.

लग्नाच्या आदल्या दिवशी बायको गेली. माझ्या जागी भाचीच्या पाठीशी तीच उभी राहणार होती. माझ्याजवळ शेजारचे मिस्त्री थांबले. मिस्त्री म्हणजे कारखान्यातले जुने फिटर, माझ्याबरोबरच रिटायर झालेले. घरी उर्दू, माझ्याशी मराठी, आणि यंत्राशी शिव्यांत बोलणारा माणूस. भाची त्यांच्याही घरी खिचडी खाऊन वाढलेली. सकाळीच आंघोळ करून, अत्तर लावून, स्वतःचं स्टूल घेऊन आले आणि टीव्हीच्या बाजूला बसले.

मला वाटलं, आम्ही दोघं शांतपणे बघू. कसलं काय. अकरा वाजल्यापासून कॉलनीतली माणसं येऊ लागली. उन्हात तिकडं कोण जातं, इथं पंख्याखाली बघू, असा सगळ्यांचा हिशोब. येताना बायका काठापदराचं नेसून आलेल्या, एक गृहस्थ तर फेटा बांधून. आणि प्रत्येकाच्या मुठीत अक्षता. आमच्याकडं अक्षता तांदळाच्या नाही, ज्वारीच्या असतात, लाल न् पिवळ्या रंगवलेल्या. मी म्हटलं, अहो ह्या कुणावर टाकणार? तर म्हणाले, टीव्हीवर. लग्नाला जायचं आणि अक्षता टाकायच्या नाहीत, हे कुठं असतं का?

घरी आलेल्याला आपण काय देतो? पाणी देतो, चहा देतो. आता त्यात तिसरी गोष्ट वाढलीय. खुर्चीवर टेकायच्या आत माणूस विचारतो, वायफाय आहे का? आमच्या वायफायचा पासवर्ड भाचीच्याच नावाचा. तिच्याच लग्नाला आलेल्या माणसाला तो नाही कसा म्हणायचा? मी पलंगावरून एकेकाला सांगत गेलो आणि मोठ्या मनाचा यजमान म्हणून मिरवून घेतलं. मंग झालं काय, तर समोर भिंतभर टीव्ही चालू, आणि तीच लिंक प्रत्येकानं आपापल्या फोनवरही उघडली, जवळून बघायला. फेटेवाल्यांनी एका फोनवर लग्न आणि दुसऱ्यावर क्रिकेट लावलं. एक बाई सुरतला बहिणीला व्हिडिओ कॉल लावून माझा टीव्ही दाखवून राह्यल्या. घनसावंगीहून निघालेलं लग्न माझ्या खोलीत येऊन, तसंच पाठीवर सामान घेऊन सुरतला निघालं.

मुहूर्त बारा पस्तीसचा होता, म्हणजे सव्वा वाजता सुरुवात झाली. पहिलं चित्र आलं आणि मी कपाळाला हात लावला. नवरा-नवरीच्या मागं पडदा होता तो अख्खा टिकल्यांचा, आणि त्याच्यावर पळत्या दिव्यांच्या माळा. प्रत्येक टिकली दर क्षणाला नवीन चमकत होती. त्यात वरीलप्रमाणे लिहायला जागाच नव्हती. सगळी बँडविड्थ त्या टिकल्या खाऊन बसल्या, आणि माझ्या भाचीच्या वाट्याला काय उरलं, तर साय धरलेल्या दुधासारखा एक धूसर चेहरा. बायको तिच्या मागं उभी होती, ते मी फक्त साडीच्या रंगावरून ओळखलं.

पहिलं मंगलाष्टक संपलं. सावधान म्हटलं आणि मांडवातून अक्षतांचा पाऊस पडला. भाचीनं कॅमेऱ्याच्या बाजूनं टाकू नका म्हटलं होतं. लोकांनी नेमकं तिथूनच टाकल्या, कॅमेऱ्यात हात दिसावा म्हणून. हजारो दाणे, प्रत्येक दाणा हलतोय, प्रत्येकाची वाट वेगळी. टीव्हीवर एका झटक्यात सगळं मोडलं. नवरी चौकोन, नवरा चौकोन, भटजी चौकोन, वरमाईची पैठणी म्हणजे हिरव्या-जांभळ्या ठिगळांची गोधडी. इकडं माझ्या खोलीतल्या मंडळींनीही मुठी मोकळ्या केल्या. टीव्हीच्या काचेवर ज्वारी तडतडली, निम्मी माझ्या पायाच्या बँडेजात गेली.

आवाज मात्र ठणठणीत येत होता. आवाजाला जाड पाइप लागत नाही, असं भाचीनंच सांगितलं होतं. त्यामुळं नवऱ्याच्या आत्यानं मंगलाष्टकाचा जो गळा दाबला तो आम्हाला अक्षर न् अक्षर ऐकू आला. चित्र जरा सावरायचं, तोवर पुढचं सावधान, परत चौकोन. तिसऱ्या मंगलाष्टकाला मधोमध ते गोल गोल फिरणारं चक्र आलं आणि तिथंच बसलं.

माझ्या अंगाची आग आग झाली. मला माहीत होतं घरातलं नेट कोण खातंय. पण घरात आलेल्या माणसाला, तेही फेटा बांधून आलेल्याला, इंटरनेट बंद कर असं म्हणायचं कसं? चहाचा कप हातातून काढून घेण्यासारखंच झालं ते. मी नुसता पलंगावर चुळबुळत राहिलो आणि पायात कळ आली. मिस्त्रींनी एकदा माझ्याकडं बघितलं. उठले, स्वयंपाकघरातून आमची पुरणाची परात घेऊन आले आणि दारात उभे राहिले.

“सगळ्यांनी मोबाइल बंद करा आन् ह्याच्यात ठेवा,” ते म्हणाले. “लग्न एक हाय, एकाच जागी बघा.”

कुरबूर झाली. सुरतवाल्या बाई तर माझ्याकडं बघत राहिल्या, मी काही तरी बोलेन म्हणून. मी छताकडं बघितलं. पण कारखान्यात मिस्त्री मोठमोठ्या साहेबांचं ऐकून घेत नव्हते, इथं कुणाचं घेणार? परात भरली. चक्र थांबलं आणि चित्र पुढं सरकलं.

तेवढ्यात शेवटचं सावधान झालं. अंतरपाट खाली आला. ताशा कडाडला आणि मांडवातल्या सगळ्या मुठी एकदम सुटल्या. पडदा, दिवे, हात, फेटे, सगळ्याचा रंगीत चुरा झाला. मी मान पुढं काढून बघतोय आणि समोर काहीच नाही. दीड महिन्याचा पलंग, भिंतभर टीव्ही, फुल एचडी, आणि काहीच नाही. मला शिव्या द्यायच्या होत्या, पण कुणाला, तेच कळेना. फुल एचडी मागितली होती मीच.

आणि मंग त्या चुऱ्याच्या मधोमध एक जागा निवळायला लागली. पहिल्यांदा नुसता डाग. मंग कपाळ, मंग डोळे, मंग नाक, मंग मुंडावळ्यांचे मोती एकेक. आजूबाजूला सगळ्यांचे चौकोन उडून राह्यले होते आणि भाचीचं तोंड तेवढं स्वच्छ, इतकं स्वच्छ की तिच्या कपाळाच्या कडेचा लहानपणीचा व्रण मला दिसला. आमच्या ओट्यावरून पडल्ती तेव्हाचा. उजवीकडच्या मुंडावळीवर एक लाल ठिपका होता. मला वाटलं, आपल्याच मंडळींची ज्वारी काचेला चिकटली. मी मिस्त्रींना म्हटलं, जरा पुसा. त्यांनी उपरण्यानं काच पुसली. ठिपका तिथंच. परत पुसली. तिथंच. तेव्हा कळलं, दाणा माझ्या टीव्हीवर नाही, तिच्या मुंडावळीत अडकलाय.

पण तिचं तोंड. ती हसत नव्हती. नवऱ्याकडं बघत नव्हती. हातातला हार अर्ध्यात धरलेला, मान ताठ, पापणीसुद्धा हलत नव्हती, आणि नजर सरळ कॅमेऱ्यात. अशी किती वेळ उभी होती कोण जाणे. मागून कुणी तरी हळूच म्हणालं, नवरी अशी पुतळ्यावानी का उभी हाय? दुसरं कुणी म्हणालं, खूश दिसत न्हाई बाई. मंग त्यांना आठवलं असेल मी तिथंच आहे, म्हणून कुणी तरी खोकललं.

जे बघायचं म्हणून एवढा आटापिटा केला ते बघायला मिळालं, आणि ते हे होतं. थोड्या वेळानं कार्यालयातली लाइट गेली की काय झालं, चित्र बंदच पडलं. लोक परातीतून आपापले मोबाइल उचलून गेले. जमिनीवर सगळी ज्वारी. मिस्त्री झाडू घेऊन ती एका कोपऱ्यात लोटत होते.

“मिस्त्री, स्थळ मी आणलं,” मी म्हटलं. “पोरीनं माझ्यासाठी हो म्हटलं.”

ते झाडायचे थांबले नाहीत. म्हणाले, मला काय सांगता, तिला विचारा. मी म्हटलं, आता विचारून काय उपयोग? मी भिंतीकडं तोंड करून पडलो. डोळ्यांतून पाणी आलं ते पाय दुखतोय म्हणून आलं, असं मी त्यांना सांगितलं, आणि त्यांनी गोळी आणून दिली. मी ती गोळी पण खाल्ली.

चार वाजता फोन वाजला. व्हिडिओ कॉल, भाचीचा. कार्यालयातल्या नवरीच्या खोलीतून लावल्ता. मागं तिचा नवरा फेटा मांडीवर घेऊन बसलेला, गळ्यात हार, तोंड घामानं चिकट. मी काही बोलायच्या आधी तिनंच विचारलं, “मामा, मी दिसले का?”

मी म्हटलं, दिसलीस. तिनं विचारलं, स्वच्छ? मी म्हटलं, उजव्या मुंडावळीत ज्वारीचा लाल दाणा अडकल्ता. ती ओरडलीच. दाणा दिसला? खरंच दिसला? तीनदा विचारलं, आणि नवऱ्याकडं वळून म्हणाली, बघा, म्हटलं नव्हतं? मला काही कळेना. मी जरा रागानंच म्हटलं, अगं पण अशी उभी का होतीस, एवढ्या लोकांनी नाही नाही ते बोलून दाखवलं, माझा जीव कुठं गेल्ता ठाऊक आहे का?

तेव्हा तिनं सांगितलं. मांडवात आल्या आल्या तिनं टिकल्यांचा पडदा बघितला, शूटिंगवाल्याला विचारलं, आणि मामानं फुल एचडी करून ठेवलंय हे तिला कळलं. आता काही बदलायला वेळ नव्हता. अक्षता पडल्या की सगळं मोडणार हे तिला माहीत होतं. हलणाऱ्या दाण्यांवरच सगळी ताकद जाते. त्यात आपणही हललो तर आपलेही चौकोन. बिलकुल हललो नाही, तर यंत्र थोडं थोडं करून तेवढी जागा भरत आणतं. म्हणून अंतरपाट पडायच्या आधी तिनं श्वास रोखला, कॅमेऱ्याकडं बघितलं आणि मनात मोजायला लागली. वीसपर्यंत मोजायचं ठरवल्तं, चाळीसपर्यंत मोजलं, कारण माझं नेट कसलं आहे ते तिला माहीत.

“वरीलप्रमाणे, मामा,” ती म्हणाली.

मिस्त्री स्टूल ओढून माझ्या उशाशी आले आणि फोनमध्ये डोकावले. मागून तिचा नवरा म्हणाला की मामा, चाळीस मोजेपर्यंत मी हार वर धरून उभा होतो, हात भरून आले, मला वाटलं हिनं ऐन वेळी माघार घेतली. आमच्या आत्याबाई तर पाणी मागायला लागल्या.

आता विचारलं नाही तर परत कधीच विचारणार नाही, हे मला माहीत होतं. चार महिन्यांपूर्वी ज्या शब्दांत विचारलं होतं त्याच शब्दांत विचारलं.

“बाई, मोकळं सांग. तुला पसंत आहे ना?”

तिचं तोंड लाल झालं. बोलला तो नवराच.

“मामा, त्या दिवशी तुम्ही विचारलं ना, तवा मी हिच्या समोरच बसल्तो. हिनं माझ्यावर उशी फेकली आन् तुम्हाला सांगितलं ऑफिसचा फोन आला.”

ती हसली. मान मागं टाकून, सगळं अंग हलवून, लहानपणी मिस्त्रींच्या घरी खिचडी तोंडात असताना हसायची तशी. हातातला फोन हलला, मुंडावळ्या हलल्या, मागचा फेटा हलला, आणि चित्राचे चौकोन झाले. लाल, पिवळे, मोत्यांचे पांढरे. तोंड कुठं, डोळे कुठं, काही पत्ता नाही. हसण्याचा आवाज तेवढा चालू.

मिस्त्री लगेच उठले. म्हणाले, थांबा भाऊ, डबा बंद करून चालू करतो, जल्दी होतंय.

मी त्यांचा सदरा धरला. म्हटलं, राहू द्या मिस्त्री. बराबर दिसून राह्यलंय.